घरी ऑपेराची ब्लू-रे पाहताना गायन खरंच चांगलं आहे का, आणि सराउंड साउंड नीट आहे का, हे कसं ओळखावं?

आवाज किती मोठा येतोय यावरून गायक जोखू नका. निम्मं उत्तर इथेच संपलं.

तुम्ही लिहिलंय की नवा 5.1 सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) घेतलाय, टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) "घर हादरवतो", पण तुमचा मित्र म्हणतो गायक सामान्य आहे. त्या मित्राला माझा नमस्कार सांगा. आमच्या घरात हाच वाद दर दिवाळीला होतो आणि मी तो एकटीने लढते, म्हणून जरा लांबण लागणार आहे.

आमचे धाकटे दीर डोंबिवलीला राहतात. त्यांच्याकडे एक अख्खी खोली होम थिएटरची आहे. भिंतींना फोम, पडद्याखाली हातभर लांब सेंटर स्पीकर, कोपऱ्यात सबवूफर. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं जर्मनीत होतो, तेव्हा मी तिथल्या एका मोठ्या थिएटरात उभ्याची तिकिटं काढून ऑपेरा ऐकायचे. अगदी वर, शेवटच्या गॅलरीत. तिथे एक टेनर ऐकला होता. नाव घेत नाही. पहिल्या अंकात गोड होता, पण तिसऱ्या अंकात ब्रास (पितळी वाद्यं) सुरू झाली आणि साहेब गायब. तोंड उघडलेलं दिसतंय, हात छातीवर, स्वर मात्र पिटातच, म्हणजे रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातच, अडकलेला. माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा दर वेळी मान हलवून उसासा टाकत होते.

पुढे त्याच प्रयोगाची डिस्क आली. भाऊजींनी ती मागवली आणि दिवाळीत फराळ बाजूला ठेवून आम्हा सगळ्यांना त्या खोलीत बसवलं. तोच अंक, तोच प्रसंग, तीच ब्रास. आणि टेनरचा आवाज खोलीच्या मधोमध, अंगावर येणारा! "बघा वहिनी, काय गळा आहे!" मी म्हटलं, हा माणूस मी प्रत्यक्ष ऐकलाय, तो ऐकूच येत नव्हता. त्यावर भाऊजी सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "तुम्ही वर मागे उभ्या होतात ना? मग कसा ऐकू येईल? डिस्क खोटं बोलत नाही."

ते हसणं अजून डोक्यात आहे. एक तर पिटातला आवाज वर चढतो, त्यामुळे वरच्या गॅलरीत गायक आणि वाद्यवृंदाचा तोल पुष्कळदा महागड्या खुर्च्यांपेक्षा चांगला कळतो. उभ्याने ऐकणारे लोक तिथले सगळ्यात कडक परीक्षक असतात ते उगाच नाही. आणि दुसरं, डिस्क खोटं बोलत नाही म्हणे! 1952 साली लंडनला संचालक फुर्टवेंगलरच्या हाताखाली वाग्नरचा 'ट्रिस्टान' हा ऑपेरा ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या नायिका कर्स्टन फ्लागस्टाडचे वरचे 'सी' (फार उंच स्वर) दुसऱ्या गायिकेने, एलिझाबेथ श्वार्त्सकोफने, गाऊन दिले होते. 1992 चा 'तोस्का' (पुच्चिनीचा ऑपेरा, तोस्का ही त्याची नायिका) तर रोममधल्या खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या राजवाड्यात थेट चित्रित झाला. गायक तिकडे, आणि आपल्या मुंबईचे झुबिन मेहता वाद्यवृंद घेऊन वेगळ्या स्टुडिओत. गायकाचा आवाज वाद्यवृंदाला पुरून उरतो का, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. तो ठरवणारा मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेला असतो.

त्या दिवशी मी भाऊजींना अँप्लिफायर बंद करून सेंटर स्पीकरची वायर काढायला लावली. परत चालू केलं तर वाद्यवृंद जसाच्या तसा, आणि टेनर जवळजवळ नाहीसा. फक्त तोच नाही, सगळेच गायक. म्हणजे प्रत्येकाच्या विगमध्ये लपवलेल्या माइकचा आवाज सरळ सेंटरमध्ये ओतलेला, त्याला त्या थिएटरची हवाच लागलेली नाही. मग मी दुसऱ्या एका 'तोस्का'ची डिस्क लावायला सांगितली. वायर काढलेलीच. गायक थोडे बारीक झाले, पण जागेवर होते. खलनायक स्कार्पिया डावीकडे टेबलाशी, तोस्का उजवीकडे. भाऊजींचं म्हणणं, "सेंटर काढला तर गायक जाणारच, सेंटर त्यासाठीच असतो." सिनेमाच्या संवादांसाठी ठीक आहे हो. ऑपेराचा गायक रंगमंचावर चालतो. तो खिडकीपाशी गेला आणि त्याचा आवाज पडद्याच्या मध्यातच राहिला, तर तुम्ही त्याचा माइक ऐकताय, त्याला नाही.

ही चाचणी तुम्हीही करा, पण वायरच काढा. रिसीव्हरच्या मेनूत सेंटर "नाही" असं सेट केलंत तर तो सेंटरचा आवाज डाव्या-उजव्यात वाटून टाकतो आणि काहीच कळत नाही. लपवलेला माइक ओळखायची आणखी एक जागा म्हणजे प्रेमप्रसंग. दोघं मिठीत आले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि स्वराचा रंग क्षणभर विचित्र, पोकळ होतो. कपड्यांची सळसळही येते.

सराउंडचं आता. पुढचे तिन्ही स्पीकर बंद करून फक्त मागचे दोन ऐका. सभागृहाचा घुमारा, कुणाचा तरी खोकला, टाळ्या, लांबून आल्यासारखा वाद्यवृंद, इतकंच यायला हवं. स्पष्ट व्हायोलिन किंवा गायक मागून आला तर ती डिस्क खेळणं आहे. नेहमीच्या ऐकण्यात सराउंड आमटीतल्या हिंगाइतकाच असावा, बंद केल्यावर जाणवणारा. अपवाद पडद्यामागच्या आवाजांचा. 'तोस्का'च्या दुसऱ्या अंकात खिडकीतून कँटाटा (समूहगान) ऐकू येतो, त्यात तोस्काचाही आवाज असतो, आणि स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो. त्या क्षणी तो आवाज खरंच भिंतीपलीकडे गेला का, एवढं ऐकलंत तरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याची समज कळते. बरेच जण तिथे नुसता आवाज कमी करतात.

डिस्क लावण्याआधी नाइट मोड, डायनॅमिक रेंज कंट्रोल, संवाद ठळक करणारं जे काही बटण असेल ते सगळं बंद. हे चालू असताना हळुवार आणि जोरकस एकाच पातळीवर येतं आणि मग कुणीही महान वाटतो.

गायनाचं म्हणाल, तर मिक्सिंगवाल्याला जे सहज वाढवता येत नाही ते ऐका. वेर्दीच्या 'आयदा' ऑपेराच्या सुरुवातीलाच 'चेलेस्ते आयदा' हे टेनरचं गाणं आहे. त्याचा शेवटचा बी-फ्लॅट हा उंच स्वर वेर्दीने अतिशय हळू आणि विरत जाणारा लिहिलाय. बहुतेक टेनर तो छाती काढून ठोकतात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. 2015 साली रोमला संचालक पप्पानोबरोबर ध्वनिमुद्रित झालेल्या 'आयदा'त योनास काउफमान तो हळू घेतो, तो ऐका आणि मग तुमचा टेनर ऐका. वरचा स्वर मोठ्याने लावणं आणि तोच हळू लावून तिथे थांबणं, यातलं दुसरं अवघड आहे हे आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. तसंच दमसास: वाक्य मध्येच तुटतंय का. लांबवलेला स्वर स्थिर आहे की डोलतोय. शब्द कळतात का, इटालियन येत नसलं तरी व्यंजनं ऐकू येतात.

आवाजाची फेक मात्र डिस्कवर कळत नाही, आणि नेमकी तीच ऑपेरात सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मोठ्या वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्‌झच्या आसपास असतो, पुढे उतरत जातो. कसलेला पुरुष गायक 3000 हर्ट्‌झच्या आसपास आपल्या आवाजाला धार आणतो आणि त्या फटीतून बाहेर पडतो, माइकशिवाय. स्वस्त साउंडबार पुष्कळदा नेमका हाच पट्टा उचलून देतो, त्यामुळे त्यावर प्रत्येकाला धार येते. 1921 च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये केशवराव भोसले आणि बालगंधर्व माइकशिवायच गायले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत कसा पोचत असेल, हे त्यांच्या तबकड्या ऐकून मला कधी कळलं नाही. भाऊजींच्या खोलीतही कळणार नाही.

आता थोडं सबुरीने. सोप्रानोंना (उंच आवाजाच्या गायिकांना) तो 3000 हर्ट्‌झचा हिशेब तसा लागू होत नाही, त्यांचे वरचे स्वर मुळातच वाद्यवृंदाच्या जोराच्या पट्ट्याच्या वर असतात. सेंटरमध्ये गायक जास्त ठेवणं म्हणजे फसवणूक असंही नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की आवाजही जवळ हवा, असं मानणारे चांगले लोक आहेत. जॉन अ‍ॅडम्सच्या 'निक्सन इन चायना'सारख्या ऑपेरात तर माइक संगीतकारालाच हवा असतो. आणि एका संध्याकाळी कुणाचाही गळा बसू शकतो, त्या टेनरचाही बसला असेल. (मला तसं वाटत नाही.)

कुठला ट्रॅक निवडायचा हेही विचारलंत. आधी स्टिरिओ पीसीएम (डाव्या-उजव्या दोनच स्पीकरांचा ट्रॅक) लावून गायन ठरवा, मग सराउंडवर जा आणि सभागृह ऐका. शक्य असेल तर 1953 चा ला स्कालाचा 'तोस्का' मिळवा, गायक मारिया कॅलस, दि स्तेफानो, तितो गोब्बी, संचालक दे साबाता. मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. एका स्पीकरवर ऐका.

5.1 वरून पुढे जाऊ का, तर ऑपेरासाठी नको. तेच पैसे पुढच्या दोन स्पीकरांत घाला. भाऊजींनी यंदा छतात चार स्पीकर बसवलेत आणि वाग्नरच्या 'पार्सिफाल'मधला घुमटातून येणारा कोरस बरोब्बर वरून येतो, असं सगळ्या नातेवाइकांना ऐकवतात. त्यांची ती डिस्क 5.1 चीच आहे. वरचं जे येतं ते रिसीव्हर स्वतःच्या मनाने बनवतो.