व्यापारी संकुलात चर्च पुन्हा उभारायचे असेल तर

भुसावळमधील आपल्या मंडळीचे जुने चर्च पाडून त्याच जागी दुकानांचे संकुल आणि त्यातच नवे चर्च बांधण्याचा प्रस्ताव विकासकाने दिला आहे, तर चर्चचे चर्चपण टिकेल का, असे आपण विचारले आहे. मी जळगावात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. माझ्या मते ते टिकेल, परंतु चर्च हे संकुलातील एक सभागृह न होता स्वतःच्या पायावर उभी असलेली आणि थेट रस्त्यावर दार असलेली वेगळी इमारत असेल तरच.

न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स ल्यूथरन मंडळीने नेमका हाच आग्रह धरला होता. आपली जागा तिने सिटीकॉर्प बँकेच्या मनोऱ्यासाठी दिली, मात्र नवे चर्च त्याच कोपऱ्यावर स्वतंत्र उभे राहील आणि मनोऱ्याचा एकही खांब त्यातून जाणार नाही, अशी अट घातली. त्यामुळे अभियंते विल्यम लेमेझ्युरिए यांनी ५९ मजल्यांच्या त्या मनोऱ्याचे सुमारे नऊ मजले उंचीचे खांब कोपऱ्यांवर न घेता चारही बाजूंच्या मध्यावर घेतले आणि चर्च मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्याखाली बसले. १९७७ मध्ये काम पूर्ण झाले. पण तिरप्या वाऱ्यात पोलादी सांधे कमी पडतील हे पुढच्याच वर्षी लक्षात आले आणि रात्री-रात्री पट्ट्या वेल्ड करून ते बळकट करावे लागले. म्हणून अशी अट घालताना आराखड्याची तपासणी विकासकाशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी.

गोंगाटाचा विचारही आताच व्हावा. बर्लिनच्या गजबजलेल्या बाजारभागात एगॉन आयरमान यांनी १९६१ मध्ये पूर्ण केलेल्या कैसर विल्हेल्म चर्चला निळ्या काचांची दुहेरी भिंत आहे आणि तिच्यामुळे रहदारीचा आवाज आत येत नाही. आपल्याकडे लग्नसराईतले डीजे आणि दुकानांचे जनरेटर पाहता उपासनेच्या बाजूला दुहेरी भिंत हवीच. मात्र आपल्या उन्हाळ्यात इतकी काच तापेल, तेव्हा विटांची पोकळ भिंत बरी. एसीची बाहेरची यंत्रे चर्चच्या अंगणाकडे तोंड करून बसवू देऊ नयेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. दोन इमारतींचे वजन फार वेगळे असल्याने दोन्हींचे पाये निराळे आणि मध्ये मोकळा सांधा ठेवावा लागेल.

एका संकुलात तिसऱ्या मजल्यावर गेलेले प्रार्थनाघर मी पाहिले आहे. तेथे अंत्यविधीच्या वेळी शवपेटी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून ती अरुंद जिन्यावरून उचलून न्यावी लागली. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. चर्च तळमजल्यावरच असावे.

मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असल्यास विक्रीसाठी किंवा तीन वर्षांहून अधिक भाडेपट्ट्यासाठी १९५० च्या न्यास अधिनियमातील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करारात चर्च आधी आणि दुकाने नंतर हा क्रम स्पष्ट लिहून घ्यावा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात नष्ट झालेले न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस चर्चचे पुनर्बांधकाम पैशांअभावी मध्येच अडले आणि नव्या चर्चचे पवित्रीकरण २०२२ मध्ये झाले. आपल्या मंडळीतील वृद्धांना तितकी वाट पाहता येणार नाही.