वाचकांचे प्रश्न : रोबोटला देवाचं नाव दिलं तर चालेल का?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. ‘द लास्ट क्वेंटिस्टा’ वाचायला घेतलंय आणि सुरुवातीलाच रडारड, पृथ्वी नष्ट होते वगैरे. एवढं काळंकुट्ट मुलांना द्यावं का? (एक आई)

उत्तर : डोना बार्बा हिगुएराचं हे पुस्तक २०२१चं, २०२२चं न्यूबेरी मेडल (अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं बक्षीस) मिळालेलं, म्हणजे मुलांचंच आहे, चुकून हातात आलेलं नाही. त्यात २०६१ला हॅलेचा धूमकेतू पृथ्वीवर आदळतो. खरा धूमकेतू पण त्याच वर्षी येणारे, फक्त तो आदळणार नाही, हे तिला आधीच सांगून टाका, अर्धी भीती तिथेच जाईल. गोष्टीतली पेत्रा पृथ्वी सोडून निघालेल्या यानात शेकडो वर्षांनी जागी होते तर बाकीच्यांच्या डोक्यातून पृथ्वीच पुसलेली, आणि हिला मात्र आजीच्या मेक्सिकन गोष्टी आठवतायत. मला वाटतं तुमची लेक मागे राहिलेल्या आजीसाठी रडतेय, धूमकेतूसाठी नाही. पुस्तक काढून घेऊ नका, शेजारी बसून तुम्हीही वाचा.

आणि काळंकुट्ट म्हणाल तर मेक्सिकोच्या जुन्या गोष्टी मुळातच तशा आहेत हो. मेशिका लोक म्हणजे ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो ते, त्यांच्या मते आपलं हे पाचवं जग. आधीची चार बुडाली, एक जग्वारांनी फाडून खाल्लं, एक वाऱ्याने उडवलं, एकावर आगीचा पाऊस पडला, एक पुरात गेलं. १७९०मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडलेल्या त्या प्रचंड सूर्यशिळेवर मधल्या चेहऱ्याभोवती चार चौकटी आहेत, त्या म्हणजे ही चार गेलेली जगं. आपलं पाचवं भूकंपाने जाणार म्हणे.

प्रश्न : मी नववीत आहे, मेक्सिकन लोककथा घेऊन डिस्टोपियन (म्हणजे भयाण भविष्याची) सायफाय लिहितोय. रोबोटचं नाव केत्साल्कोआत्ल ठेवलंय. चालेल ना?

उत्तर : चालेल, पण मग त्या रोबोटने केत्साल्कोआत्लसारखं काहीतरी करायला पण पाहिजे ना रे! नुसतं नाव म्हणजे स्टिकर. केत्साल्कोआत्ल हा अॅझ्टेकांचा देव, तो मिक्त्लानमध्ये म्हणजे मेलेल्यांच्या जगात जातो, आधीच्या माणसांची हाडं चोरून आणतो, वाटेत धडपडतो, हाडं फुटतात, म्हणून म्हणे आपण कुणी उंच कुणी बुटके. आता तुझा रोबोट बंद पडलेल्या लॅबमधून माणसांचे डीएनए सॅम्पल उचलून पळतोय आणि डबा पडून फुटतो, असं काही लिहिलंस की नाव आपोआप शोभेल.

हिरो हवा असेल तर नानाउआत्सिन बघ. तेओतिउआकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहरात अंधारात देव जमलेत, कुणीतरी आगीत उडी मारून सूर्य व्हायचंय. श्रीमंत, नटलेला देव चारदा पुढे जातो आणि चारदा कच खातो, आणि अंगभर फोड आलेला गरीब नानाउआत्सिन डोळे मिटून सरळ उडी टाकतो. मग तो श्रीमंत पण लाजेने उडी मारतो तर दोन सूर्य होतात, म्हणून देव त्याच्या तोंडावर ससा फेकून मारतात, तोच चंद्रावरचा ससा (आपला शशांक तो हाच, फक्त इकडे कुणी फेकला नव्हता).

पण मी तुझ्या जागी असते तर अॅझ्टेकांची दर ५२ वर्षांनी येणारी नव्या अग्नीची रात्र घेतली असती. त्या रात्री सगळ्या चुली विझवायच्या, घरातली भांडीकुंडी टाकून द्यायची, छपरावर चढून बसायचं आणि डोंगरावर नवा अग्नी पेटतो का ते बघायचं. नाही पेटला तर सूर्य परत येणारच नाही आणि वरून राक्षसिणी उतरून माणसं खाणार. गरोदर बायकांना घायपाताच्या पानांचे मुखवटे घालून कोठारात कोंडायचे, आणि मुलांना ढोसून ढोसून जागं ठेवायचे कारण झोपलं तर पोराचा उंदीर होतो. सोळाव्या शतकात सहागून नावाच्या पाद्र्याने तिथल्या म्हाताऱ्या लोकांना विचारून हे सगळं लिहून ठेवलंय. (अग्नी बळी दिलेल्या कैद्याच्या छातीवर पेटवायचे, तो भाग गोड नाही, गोड करूही नकोस.) शेवटची अशी रात्र १५०७ची. पुढे १४ वर्षांत स्पॅनिश लोकांनी अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानच पाडली.

आता हेच तुझ्या गोष्टीत आण: यानातले दिवे एकेक बंद होतायत आणि कुणीतरी एका पोराला ढोसतंय, झोपू नकोस, झोपू नकोस. तुला अजून काय पाहिजे?

प्रश्न : ला योरोना म्हणजे नदीकाठी रडणारं भूत ना? ते तर हॉरर झालं. सायफायमध्ये कसं आणणार?

उत्तर : भूतच. पण सहागूनच्याच ग्रंथात स्पॅनिश यायच्या आधीचे आठ अपशकुन दिलेत, त्यातला एक म्हणजे रात्री रडत फिरणारी बाई, लेकरांनो आता निघायला हवं, तुम्हाला नेऊ तरी कुठे, असं म्हणणारी. बरेच जण योरोनाचं मूळ तिथे शोधतात. हेच वाक्य रिकाम्या कॉरिडॉरमधल्या स्पीकरवरून ऐकू आलं आणि कंट्रोल रूममध्ये कुणीच नाही, असं करून बघा.