अमेरिकेत रविवारी आपल्या टीव्हीवर एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलच्या लीगची) कोणती मॅच लागणार, हे आधी कसं कळेल?

'५०६ स्पोर्ट्स' या साइटवरचे नकाशे बघा, साधारण बुधवारी येतात. रविवार दुपारच्या मॅचेस सीबीएस आणि फॉक्स ही टीव्ही नेटवर्क्स भागाभागांत वाटून दाखवतात, म्हणून न्यू जर्सीत लागते ती डॅलसमध्ये लागेलच असं नाही. नकाशात प्रत्येक मॅचला वेगळा रंग असतो. तुमचं गाव ज्या रंगात, ती तुमची मॅच. ज्या नेटवर्कला त्या दिवशी दोन मॅचेस मिळतात, त्याचे नकाशेही दोन: दुपारी १ चा आणि ४:२५ चा (वेळ ईस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची). एनबीसीवरची रविवार रात्रीची मॅच देशभर एकच, तिथे शोधाशोध नको. मात्र घर दोन रंगांच्या सीमेवर असेल तर नुसत्या नकाशावर विसंबू नका. स्थानिक चॅनलचं वेळापत्रक पाहा.