जावात व्हार वापरलं तर ती पायथॉनसारखी डायनॅमिक होते का?

नाही हो, अजिबात नाही होत. तुम्ही विचारलंय की व्हेरिएबलचा टाइप (त्यात आकडा राहणार की मजकूर, ते) न लिहिता त्याजागी व्हार लिहिलं की टाइप रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ठरतो का, तर टाइप कुठे जात नाही, फक्त तुमच्याऐवजी कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासणारा प्रोग्राम, तो ठरवतो आणि एकदाच ठरवतो. समजा व्हार नाव = एखादी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) असं लिहिलंत, तर कंपायलर उजवी बाजू बघतो आणि तिथल्या तिथे नावचा टाइप स्ट्रिंग करून टाकतो, मग खालच्या ओळीत त्याच नावात 5 घालायला गेलात की कंपाइलच होणार नाही. पायथॉनमध्ये हेच बिनतक्रार चालतं. आणि म्हणूनच व्हारला सुरुवातीची किंमत द्यावीच लागते, नुसतं नल, म्हणजे ‘काहीच नाही’, दिलं तरी चालत नाही, कारण नलवरून टाइप काय काढणार?

खरी भीती वेगळीच आहे, ती मी स्वतः अनुभवलीय. कोडमध्ये डबल टोटल = 0 असं होतं (डबल म्हणजे दशांश आकड्यांचा टाइप), मी साफसफाई करताना डबल काढून व्हार केलं. आता उजवीकडे नुसता 0, म्हणजे टोटल झाला इंट, नुसता पूर्णांक! पुढे लूपमध्ये प्लस-इक्वलने (+=) 2.5 मिळवले की जावा गुपचूप इंटमध्ये बदलून 2 ठेवते, एरर नाही काही नाही, आणि बेरीज प्रत्येक फेरीला थोडी थोडी कमी येत राहते. टोटल = टोटल + 2.5 असं पूर्ण लिहिलं असतं तर कंपायलरने लगेच अडवलं असतं. मला हे सापडायला अख्खी दुपार गेली. तेव्हापासून आकड्यांसाठी मी टाइप लिहितोच, नाहीतर निदान 0.0 तरी.

तसंच रिकामी अ‍ॅरेलिस्ट नुसत्या रिकाम्या अँगल ब्रॅकेटने बनवून व्हारमध्ये ठेवलीत तर ती ऑब्जेक्टची, म्हणजे काहीही चालणारी, लिस्ट होते, स्ट्रिंगची नाही. रस्ट ही भाषा इथे जास्त हुशार, पुढे तिथल्या लिस्टमध्ये, म्हणजे व्हेक्टरमध्ये, तुम्ही काय पुश करताय ते बघून टाइप काढतं, जावाचं व्हार मात्र फक्त त्याच ओळीपुरतं बघतं.

व्हार जावा 10 मध्ये म्हणजे 2018 ला आलं आणि ते मेथडच्या आतल्या लोकल व्हेरिएबलला चालतं, क्लासच्या फील्डला किंवा रिटर्न टाइपला नाही, आणि ते मला पटतं. उजवीकडे न्यू आणि क्लासचं नाव दिसत असेल तर बिनधास्त वापरा. पण उजवीकडे गेट-डेटासारखी मोघम नावाची मेथड असेल तर तिथे टाइप लिहाच, कंपायलरला कळेल हो, पण तुमचा कोड वाचणाऱ्याला नाही कळणार.