आर्काइव्ह नुसते एक्स्ट्रॅक्ट केल्यानेही संगणकाला धोका असतो का?
आर्काइव्ह म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधलेली झिप किंवा रारसारखी फाईल. ती नुसती उलगडली (एक्स्ट्रॅक्ट केली) आणि आतली एकही फाईल उघडली नाही तरी धोका असतो का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच द्यावे लागते. आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाईलच्या नावासोबत तिचा मार्गही नोंदवलेला असतो, त्यात ‘../’ अशी (‘एक फोल्डर मागे जा’ असे सांगणारी) चिन्हे पेरलेली असली आणि सॉफ्टवेअरने ती तपासली नाहीत, तर फाईल निवडलेल्या फोल्डरबाहेर जाऊन बसते. विनरार या आर्काइव्ह उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ साली उघड झालेला दोष याच जातीचा होता. एस (ACE) या प्रकारच्या आर्काइव्ह फाईली उलगडणाऱ्या जुन्या लायब्ररीतील (तयार कोडच्या संचातील) चुकीमुळे घातक फाईल थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकता येत असे आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताच ती आपोआप चालत असे. लायब्ररीचा सोर्स कोडच (दुरुस्तीसाठी लागणारा मूळ कोड) हाताशी नसल्याने कंपनीने एस प्रकाराची सोयच काढून टाकली, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे होते. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे नवी आवृत्ती आपणच डाउनलोड करावी लागते.