दोन खेळ, एकच शरीर: पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे. फुटबॉलचा हंगाम संपायला अजून सहा आठवडे आहेत आणि बास्केटबॉलचा सराव सुरूही झालाय. आठवड्याला आठ सत्रं होतात. दोन्ही कोच म्हणतात, एकही चुकवू नका. कमी करायचं तर काय?

आधी बेरीज करा. प्रत्येक कोच आपल्या मैदानावरचे तास मोजतो. दोन्हीकडचे मिळून किती झाले, हे पाहणारं घराबाहेर कोणी नसतं. सराव, सामने, शाळेच्या संघाची तयारी, सगळं एका कागदावर मांडा. आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जायला नकोत, म्हणजे इथे १२. लहान खेळाडूंवरच्या २०१५ सालच्या अमेरिकी अभ्यासात वयापेक्षा जास्त तास खेळणाऱ्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक दिसल्या होत्या. शिवाय आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा हवा. त्या दिवशी ‘नुसतं हलकं पळणं’सुद्धा नको.

तास सारखे असले तरी दमणूक सारखी नसते. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारा, ० ते १० मध्ये किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. फुटबॉलची ९० मिनिटं आणि उत्तर ६, तर ५४०. बास्केटबॉलचा तासभर नुसता नेमबाजीचा सराव आणि उत्तर ३, तर १८०. आठवड्याची बेरीज मागच्या तीन आठवड्यांच्या सरासरीहून पाव पटीने वर गेली, की पुढच्या आठवड्यातलं एक सत्र काढा. हा ठोकताळा आहे, भाकीत नव्हे. पण हंगाम एकमेकांवर चढतात तेव्हा ताणाची उडी कुठे बसली, ते यात लगेच दिसतं.

आता कात्री कुठे लावायची? फिटनेसला. मैदानाच्या फेऱ्या, स्प्रिंट, उड्या दोन्हीकडे वेगवेगळ्या करून घेतात आणि दम तर एकाच शरीरात साठतो. कौशल्य मात्र ज्या-त्या खेळातच शिकावं लागतं. म्हणून हे सहा आठवडे फुटबॉल मुख्य ठेवा: दोन सराव आणि सामना. बास्केटबॉलचं एकच सत्र, त्यात ड्रिब्लिंग, पासिंग, नेम; धावणं-उड्या नाहीत. कोचला कारणांची यादी सांगू नका, तारखा द्या: “अमुक तारखेपर्यंत तो आठवड्यातून एकदा येईल, फिटनेस तिकडे होतोय, त्यानंतर पूर्ण वेळ.” महिनाभर आधी लेखी दिलं तर बहुतेक कोच मान्य करतात. सामन्याच्या आदल्या रात्री फोन केला तर कोणीही चिडेल.

सामने एकाच दिवशी आले तर काय, तेही आत्ताच ठरवून दोघांनाही कळवा. आमचा क्रम असा: मुख्य खेळाचा सामना, मग दुसऱ्याचा सामना, मग मुख्य खेळाचा सराव. एका दिवसात दोन सामने मात्र नाहीतच.

खरी गफलत फुटबॉल संपल्यावर होते. रविवारी शेवटचा सामना आणि सोमवारपासून बास्केटबॉल जोरात, कारण ‘पोरगं फिट आहे’. दम असतो हो, पण कठीण फरशीवर पुन्हापुन्हा उडी मारून उतरण्याची गुडघ्याला सवय नसते. आठवडाभर हलकं खेळू द्या, मग दोन आठवडे अर्धा सराव, मग पूर्ण.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे, पोहते आणि भालाफेकही करते. खेळ वेगळे असल्याने खांद्याला आपोआप विश्रांती मिळते ना?

नाही. खेळाचं नाव बदललं, खांदा तोच राहिला. पोहणं, भालाफेक, टेनिस, व्हॉलीबॉल या सगळ्यांत हात डोक्याच्या वर जातो. जिम्नॅस्टिक्स आणि वेगवान गोलंदाजी एकत्र आली की कंबर भरडते. लांब उडी आणि बास्केटबॉलमध्ये गुडघा व टाच. तिच्या बाबतीत भालाफेक ज्या दिवशी, त्या दिवशी पोहण्याला सुट्टी. तेवढं जमत नसेल तर पाण्यात फक्त पायांचं काम, तेही हात शरीरालगत ठेवून. हात पुढे ताणून फळी धरली तरी खांद्यावर भार येतोच.

प्रश्न : दोन्ही हंगाम चालू असताना ११ वर्षांच्या मुलाची टाच दुखते. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून द्यावं का?

वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी नसतं. खेळताना एकाच जागी दुखणारी टाच हा वेगळा प्रकार आहे. या वयात टाचेच्या हाडाची वाढ ज्या पट्टीतून होते ती मऊ असते आणि पोटरीची शीर तिथेच ओढ देते. टाच दोन्ही बाजूंनी बोटांत दाबून पाहा. दुखली तर धावणं-उड्या कमी करा, बुटात टाचेखाली गादी घाला, पोटरी ताणण्याचे व्यायाम रोज करवा. पोहणं, सायकल चालेल. लंगडत असेल तर खेळ त्याच मिनिटाला बंद, मग अंतिम सामना का असेना. रात्री झोपमोड होत असेल, सूज असेल किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी १५ वर्षांची आहे. सकाळी पोहते, संध्याकाळी फुटबॉल. आता एकच निवडायला हवं का?

घाई नाही. जिम्नॅस्टिक्ससारखे लवकर शिखर गाठणारे खेळ सोडले, तर १५-१६ पर्यंत दोन खेळ चालू ठेवण्याने सहसा काही बिघडत नाही. आधी झोप मोज. तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात. पहाटेच्या सत्रामुळे ती आठच्या खाली जात असेल, तर फुटबॉलच्या हंगामात पहाटेची दोन सत्रं सोड. प्रत्येक खेळाला वर्षातून मिळून तीन महिने सुट्टी दे. सलग नसली तरी चालेल, एकेक महिन्याचे तुकडे कर. आणि पाळी लांबली किंवा थांबली तर ते ‘खेळामुळे होतं’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नकोस, आईला सांग आणि डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत असतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो.