ओळच नाही, तर थकबाकी कुठली?

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाचा हिशेब मी पीएचपीत बसवलाय. ज्याने अजून एकही पुस्तक नेलं नाही, त्या सभासदाच्या थकबाकीच्या जागी वॉर्निंग येते. काय करू?

उत्तर: अहो, टेबलात ओळ मिळाली नाही की पीडीओचं (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाचं) एक ओळ आणणारं फेच रिकामा अ‍ॅरे नाही, फॉल्स देतं. (सगळ्या ओळी आणणारं फेचऑल मात्र रिकामा अ‍ॅरे देतं. या फरकापायी माझी एक अख्खी रात्र गेलीय.) आधी डिफॉल्ट अ‍ॅरे करा: पुस्तकं 0, थकबाकी 0. मग असं लिहा ($ओळ म्हणजे फेचने दिलेलं; ते फॉल्स असेल तर '?:' त्याजागी रिकामा अ‍ॅरे घेतं):

($ओळ ?: []) + $डिफॉल्ट

'+' ने डावीकडचं टिकतं, नसलेल्या कीज उजवीकडून येतात. इथे '??' नको, ते फॉल्सला हात लावत नाही, फक्त नल (म्हणजे किंमतच नसणं) ओळखतं. कॉलममध्येच नल असेल तर '+' तो तसाच ठेवतं, तिथे क्वेरीतच कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं एसक्यूएल फंक्शन) लावा.